'ञ'शी झालेली ओळख

आमच्या गल्लीत २०२४ च्या मे महिन्यात काँक्रीट पडलं आणि गणपती यायच्या आत ते तिसऱ्यांदा फोडलं. पहिल्यांदा पाण्याची लाइन, दुसऱ्यांदा कसली तरी केबल; तिसऱ्यांदा कारण विचारायलाही कोणी खाली उतरलं नाही. मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. आयुष्यभर व्हाउचरवरच्या सह्या ताडून पाहिल्या. मला रस्त्यापेक्षा त्याचं बिल बघायची उत्सुकता जास्त.

अशा कामांचं मोजमाप एका पुस्तकात लिहितात, त्याला कार्यालयात एम.बी. म्हणतात. लांबी, रुंदी, जाडी, कोणी मोजलं, कोणी तपासलं, सगळं त्यात, आणि बिल निघतं ते त्यावरूनच. मला त्याच्या प्रती आणि वर्क ऑर्डर हवी होती. बस, एवढंच.

माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना, म्हणजे जोडपत्र 'अ', भरला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. अडलं ते शब्दांपाशी. महाराष्ट्राने २०१२ मध्ये नियम बदलून अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा असं ठरवलं. केंद्राच्या नियमांत ५०० शब्द चालतात. आपल्याकडच्या माणसाला कमी बोलायची सवय असावी असा समज दिसतो, तोही पुण्यात! माझा पहिला मसुदा २१२ शब्दांचा झाला. तीनदा आलेलं 'कृपया' काढलं, 'एक जागरूक नागरिक या नात्याने' काढलं, १४९ वर आणला.

माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नसते, कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. तरी खिडकीवरच्या लिपिकाने विचारलंच, "कशाला हवंय मॅडम हे?"

"वाचायला."

त्याने पोहोच दिली, शिक्का अर्धाच उमटलेला. मी तो परत मारून घेतला. तारीखच दिसली नाही तर उत्तराच्या मुदतीचे ३० दिवस मोजायचे कुठून?

घरी मुलगा नाराज. "आई, सतीश शेट्टींचं आठवतंय ना?" आठवत होतं. तळेगावातले जमिनींचे व्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढणारे शेट्टी १३ जानेवारी २०१० ला सकाळी घराबाहेर पडले असताना मारले गेले. माझा विषय एका गल्लीचा, पण पुढचे दोन दिवस मी सकाळी फिरायला जाताना शेजारणीला बरोबर घेतलं, हे कबूल करते.

उत्तर एकोणतिसाव्या दिवशी आलं. तीन ओळी. मागितलेली माहिती कंत्राटदार व कर्मचारी यांची व्यक्तिगत माहिती असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही. त्या 'ञ'ची आणि माझी शाळेतल्या बाराखडीनंतर ही पहिलीच भेट.

मॉडेल कॉलनीत चित्तरंजन वाटिकेत रविवारी सकाळी आरटीआय कट्टा भरतो, तिथे पत्र घेऊन गेले. एका गृहस्थांनी ते वाचलं आणि विचारलं, "या कलमाच्या शेवटचं वाक्य वाचलंत का?" नव्हतं वाचलं. ते असं होतं, की जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. म्हणजे उद्या आमच्या आमदारांनी विधानसभेत विचारलं, या गल्लीवर किती खर्च झाला आणि मोजमाप कोणी केलं, तर मंत्री "ते व्यक्तिगत आहे" म्हणून खाली बसतील का? नाही ना? मग मलाही तसं सांगता येत नाही. बसमधून घरी येताना मी ते वाक्य पाच-सहा वेळा तरी मनात घोळवलं. आमदाराच्या शेजारची खुर्ची कोणीतरी मला दिली होती.

पहिलं अपील जोडपत्र 'ब' मध्ये, २० रुपयांचा स्टॅम्प. ऐकणारे अधिकारी माहिती नाकारणाऱ्यांचेच वरिष्ठ, एकाच मजल्यावर बसणारे. सुनावणीआधी दोघं चहा पीत होते, मला बघून कप बाजूला झाले. माहिती अधिकारी म्हणाले, एम.बी.त लोकांच्या सह्या आहेत, नावं आहेत. मी म्हटलं, सरकारी पैशाच्या हिशेबावर सही केलेला माणूस त्या सहीपुरता खाजगी कसा? आणि तेवढंच झाकायचं असेल तर कलम १० आहे, तेवढ्या ओळी काळ्या करा, बाकीचं द्या. मग ते शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं. वरिष्ठांनी कायद्याचं पुस्तक मागवून स्वतः वाचलं. जरा वेळ कोणी बोललं नाही. आदेश माझ्या बाजूने निघाला, १५ दिवसांत प्रती द्या म्हणून.

पंधराव्या दिवशी पत्र: "सदर नस्ती शोध घेऊनही आढळून येत नाही."

बँकेत असं उत्तर मी दिलं असतं तर निलंबित झाले असते. मग दोन गोष्टी केल्या. राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं अपील टाकलं, ९० दिवसांच्या आत. शिवाय त्या कार्यालयाला एक पानी पत्र दिलं, की महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार अभिलेख गहाळ करणं हा शिक्षेचा विषय आहे, तेव्हा पोलिसांत तक्रार दिली असल्यास तिची प्रत द्यावी. अकराव्या दिवशी फोन आला. फाइल सापडली होती, "दुसऱ्या कपाटात".

४६ पानं, पानाला २ रुपये, ९२ रुपये झाले. एम.बी.त जाडी २० सेंटिमीटर. फोडलेल्या जागी मी शिवणकामाची टेप लावून आधीच मोजलं होतं, फोटोही काढले होते. १३ भरली होती. तक्रार केली, दोन ठिकाणी ठिगळ लागलं, त्यात फार सांगण्यासारखं नाही.

सांगण्यासारखं आहे ते त्या वाक्याचं. ते आता कायद्यात नाही. संसदेने २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा कायदा केला, त्याच्या कलम ४४(३) ने 'ञ' छाटून टाकला, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झाला. आता तिथे एवढंच उरलंय, की व्यक्तिगत माहिती देण्याचं बंधन नाही. जनहिताची जी अट त्या खंडातच होती ती गेली, आमदाराशेजारची माझी खुर्चीही गेली. कलम ८(२) शिल्लक आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येईल म्हणणारं. पण ते "देता येईल" आहे, "नाकारता येणार नाही" नव्हे. बँकेत कर्जाचे करार वाचलेल्या माणसाला या दोन शब्दांमधलं अंतर सांगावं लागत नाही.

डिसेंबरात मागच्या गल्लीच्या एम.बी.साठी अर्ज केला, या वेळी १३१ शब्दांत. उत्तर आलं तेही 'ञ'चंच, पण तीन ओळींऐवजी एका ओळीत.

काल अपिलासाठी स्टॅम्प आणायला गेले. विक्रेता आता मला ओळखतो.

"दहाचाच ना, ताई?"

"नाही, वीसचा द्या. दोन द्या."