संमोहन घेऊ का? तुम्ही विचारलंत म्हणून

“संमोहन करून घ्यायचंय, पण काही उलटंसुलटं तर होणार नाही ना?” पुण्यात हा प्रश्न मुख्यतः दोन प्रकारची माणसं विचारतात. एक म्हणजे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलंमुली, ज्यांचं अभ्यासात लक्ष लागत नाही. दुसरी म्हणजे सगळे रिपोर्ट नॉर्मल येऊनही वर्षानुवर्षं पोट बिघडलेली माणसं. दोघांना द्यायचं उत्तर एक नाही.

आधी भीतीचं बोलू. संमोहनात माणूस बेशुद्ध होत नाही. बाहेरचे रिक्षाचे हॉर्न ऐकू येतात, नको वाटलं तर डोळे उघडून उठता येतं. कायमचं कुणी त्यात अडकत नाही. समोरचा माणूस निघून गेला तरी थोड्या वेळानं आपलं आपण भानावर येतो. रंगमंदिरातले प्रयोग पाहून गैरसमज होतो, पण तिथे पटकन प्रतिसाद देणारेच स्टेजवर ठेवतात, बाकीच्यांना खाली पाठवतात. सूचना घेण्याची ही क्षमता माणसागणिक वेगळी असते. १९५९ साली तयार झालेल्या स्टॅनफर्ड मोजपट्टीत ती १२ सूचना देऊन मोजतात. थोड्यांना जवळजवळ काहीच होत नाही, थोड्यांना फार होतं, बहुतेक मधले. तुमच्यावर परिणाम झाला नाही म्हणजे मन कमकुवत आहे किंवा फार खंबीर आहे, यातलं काहीच सिद्ध होत नाही.

खरा धोका आहे तो कुणाकडून आणि कशासाठी घेता यात. माझी कसोटी एकच, आणि ती फोनवरच लावता येते. विचारा: “संमोहन न वापरता तुम्ही या तक्रारीवर उपचार करता का?” पोटाचे डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ‘हो’ म्हणतील. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून बसलेल्याला याचं उत्तर देता येत नाही. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. मानसोपचारतज्ज्ञांची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे असते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे.

पहिल्या भेटीत डोळे मिटायला लावले तर तिथेच थांबा. ती भेट विचारपूस करण्याची असते. कधी भास झालेत का, फिट येते का, मॅनियाचा (मन अतिउत्तेजित होण्याचा) त्रास होता का, जीव द्यावासा वाटतो का, दारू किती, औषधं कोणती, हे सगळं विचारलं गेलं पाहिजे. सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) किंवा मॅनिया असेल तर संमोहन टाळावं. फिट येत असेल किंवा मनावर मोठा आघात झाला असेल, तर त्या आजाराचे उपचार करणाऱ्याच्या सल्ल्याशिवाय नको. आत्महत्येचे विचार येत असतील तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो.

आणखी एक प्रश्न विचारायला हवा, जो बरेच जण विसरतात: तुम्हाला कशाची भीती वाटते? ‘पायऱ्या उतरत खोल खोल जा’ हे बहुतेकांना शांत करतं, पण बंद जागेला घाबरणाऱ्याचा जीव त्यातच घाबरा होतो. दमा असलेल्याला ‘श्वासावर लक्ष द्या’ म्हटलं की छातीत धडधड सुरू होऊ शकते. चित्र बदललं की काम होतं, पण त्यासाठी आधी विचारलेलं असावं लागतं. सत्र संपताना आकडे मोजत पूर्ण भानावर आणायचं असतं. घाई झाली तर डोकं जड होतं, गरगरतं. लगेच गाडीला किल्ली लावू नका. पंधरा-वीस मिनिटं बसा, पाणी प्या.

आता पोटाच्या तक्रारीचं. आयबीएसमध्ये, म्हणजे तपासण्या नॉर्मल असूनही पोट सतत बिघडण्याच्या आजारात, संमोहनाचा उपयोग होतो याला चांगला आधार आहे. मँचेस्टरमधल्या डॉक्टरांचा पहिला अभ्यास १९८४चा. औषधांनी १२ महिन्यांत आराम पडला नाही तर याचा विचार करा, असं ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी ‘नाइस’ ही संस्था सांगते. साधारण ७ ते १२ सत्रं लागतात, शिवाय घरी रोज रेकॉर्डिंग ऐकायचं. मात्र शौचातून रक्त पडणं, वजन घटणं, रात्री दुखून जाग येणं असं काही असेल तर आधी तपासणी. दुखणं दबलं आणि कारण आतच राहिलं, हा सगळ्यात वाईट प्रकार. इन्सुलिन, थायरॉइड, फिटची किंवा मानसिक आजाराची औषधं ‘आता गरज नाही’ म्हणून कुणी बंद करायला सांगितली, तर त्या दारात पुन्हा जाऊ नका.

परीक्षेच्या मुलांना सांगते, धडधड आणि पेपरची धास्ती कमी व्हायला मदत होऊ शकते. न वाचलेलं आठवणार नाही. झोप पाच तास, जेवण वेळेवर नाही, हिमोग्लोबिन कमी, मन उदास, यातलं काय आहे ते आधी बघा. त्याला संमोहन हा उपाय नव्हे. सिगारेट सोडण्यासाठीही ते इतर उपायांपेक्षा सरस आहे, असं अभ्यासांतून ठामपणे निघालेलं नाही.

‘पूर्वजन्मात नेतो’, ‘दडलेली आठवण बाहेर काढतो’ म्हणणाऱ्यांकडे अजिबात जाऊ नका. संमोहनानं आठवणी अधिक खऱ्या होत नाहीत, त्यांच्यावरचा विश्वास मात्र वाढतो. मग घडलंच नाही अशा गोष्टीवरून काका, मामा, वडील यांच्यावर संशय बसतो, आणि तो सहजासहजी निघत नाही.

सुरुवातीला दहा सत्रांचं पॅकेज भरू नका. एकेका सत्राचे पैसे द्या, पहिल्या वेळी घरच्या कुणाला तरी बाहेर बसायला न्या. त्रास आठवड्यातून किती वेळा झाला ते वहीत लिहीत चला. चार-पाच सत्रांनंतरही वहीत फरक दिसत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. चांगला तज्ज्ञ स्वतःच दुसरा मार्ग सुचवेल.