गाडीची वीज कुठे अडते, कुठे गळते

सेल्फ मारला, 'टक्' असा आवाज आला आणि गाडी गप्प. अशा वेळी पहिला खर्च हमखास नव्या बॅटरीवर होतो, कारण बॅटरी बदलणं सोपं असतं आणि त्या दिवसापुरती गाडी सुरूही होते. दोष गंजलेल्या अर्थिंगमध्ये (इंजिन-बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या जोडणीत) किंवा रात्रभर जागं राहणाऱ्या एखाद्या उपकरणात असेल, तर नवी बॅटरीही अशीच उतरते. साधा डिजिटल मल्टिमीटर, १० नंबरचा पाना आणि अर्धी सुट्टी एवढ्यावर हा फरक घरी कळतो.

एक गोष्ट आधी पक्की करा: वायर तपासायची ती तिच्यातून करंट वाहत असताना. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे आतून एकच तार शिल्लक राहिलेली केबलसुद्धा मीटरवर १२.६ व्होल्ट दाखवते आणि कंटिन्युइटीचा, म्हणजे वायर सलग असल्याचा, बीपही देते. स्टार्टरला मात्र शंभराच्या वर अँपिअर लागतात. ते त्या एका तारेतून जाणार कसे? म्हणून बीप ऐकून वायर पास करू नका.

सुरुवात बॅटरीपासून. गाडी नुकतीच चालवली असेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग मोजा. १२.६ किंवा त्याहून जास्त म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. ११.९ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. उतरलेल्या बॅटरीवर घेतलेलं पुढचं कुठलंही मोजमाप फसवं निघतं.

आता गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा, चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त नको. इंजिन लगेच सुरू होऊन मोजायला वेळ मिळत नसेल तर फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून ठेवा. मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवरच धरा, त्यांच्यावर आवळलेल्या केबलच्या कड्यांवर नाही. आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकलेली आहे किंवा स्टार्टर अडकून जास्त ओढतोय. आकडा १२ च्या आसपासच राहिला आणि स्टार्टर हललाच नाही, तर करंट निघतच नाहीये: इग्निशन स्विच, स्टार्टर रिले, क्लच स्विच, सोलेनॉइडची (स्टार्टरवरच्या चुंबकी स्विचची) बारीक वायर, आणि सगळ्यात आधी केबलची टोकं पाहा.

ती पाहायची पद्धत मला सगळ्यात मोलाची वाटते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर धरा. सेल्फ मारताना तिथे ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. एक व्होल्ट दिसला तर तो स्टार्टरला मिळालेलाच नाही, अर्थिंगच्या वाटेत उष्णता होऊन गेला. मग एकेक टप्पा मोजत जा: खुंटी ते कडं, कडं ते बॉडी, बॉडी ते इंजिन. आकडा जिथे उडी मारतो तिथेच गंज किंवा ढिला बोल्ट सापडतो. पॉझिटिव्ह बाजूलाही असंच, खुंटीपासून स्टार्टरच्या जाड बोल्टपर्यंत. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. पांढरी बुकटी दिसली तर खायचा सोडा पाण्यात कालवून धुवा, धातू घासून चकचकीत करा, कडं घट्ट आवळा आणि शेवटी व्हॅसलिन लावा. कडं काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी. चालू इंजिनावर बॅटरी काढून अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं जनित्र) तपासायची जुनी सवय मात्र सोडा. व्होल्टेजच्या उसळीने अल्टरनेटरचे डायोड आणि ईसीयू (इंजिनाचा कंट्रोलर) दोन्ही जाऊ शकतात. चार्जिंगसाठी चालू इंजिनावर बॅटरीपाशी १३.८ ते १४.५ दिसलं की बहुतेक गाड्यांत पुरे. नव्या गाड्यांत ईसीयू हा आकडा मुद्दाम कमीही करतो, म्हणून हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा बघा.

गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, हा दोष वेगळा. दार उघडं ठेवून त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, चावी लांब नेऊन ठेवा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात लावा आणि निगेटिव्ह केबल व खुंटी यांच्या मध्ये मीटर जोडा. या अवस्थेत चावी फिरवायची नाही, सेंट्रल लॉकला हात लावायचा नाही; मीटरचा फ्यूज उडतो. गाडीतले कंट्रोलर झोपायला अर्धा-पाऊण तास घेतात, तोवर आकडा मोठाच दिसणार. त्यानंतर ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. ३०० असेल तर दिवसाला ७.२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे ३५ अँपिअर-अवरची बॅटरी अडीच दिवसांत अर्धी.

आता फ्यूज उपसू नका. एक काढून परत बसवला की झोपलेले कंट्रोलर जागे होतात आणि सगळा वेळ वाया जातो. फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात. मीटर मधून काढून निगेटिव्ह केबल परत जोडा, लाल वायर व्होल्टच्या भोकात लावा आणि कंट्रोलर पुन्हा झोपू द्या. मग मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या दोन ठिपक्यांमध्ये मोजा. शून्य म्हणजे त्या वाटेने काही जात नाही. १० अँपिअरच्या लाल मिनी फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण १३० मिलिअँपिअर. सगळे फ्यूज शून्य दाखवत असतील तर अल्टरनेटरचा गळका डायोड किंवा थेट बॅटरीवरून घेतलेली जोडणी शोधा. बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, रिमोट लॉक, स्टिरिओ: माझा संशय नेहमी आधी यांच्यावर जातो.

पावसाळ्यात येणारी आणखी एक तक्रार: इंडिकेटर लावला की त्याच बाजूचा टेललाइट मिणमिणतो. बल्ब बदलून काही होत नाही. दिव्याचं अर्थिंग तुटलं की करंट दुसऱ्या फिलामेंटमधून परतीची वाट काढतो. ब्रेक दाबून धरायला सांगा आणि होल्डरच्या अर्थ टोकापासून बॉडीपर्यंत मोजा; ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तिथला बोल्ट सोडवून घासा.

हॅचबॅकमध्ये मागचा वायपर, डीफॉगर (काचेवरचं धुकं घालवणारी तार) आणि नंबरप्लेटचा दिवा एकदमच दगा देऊ लागले, तर मागच्या दाराच्या बिजागरीपाशी असलेली रबरी नळी सरकवून आत बघा. दार हजारदा उघडून-मिटून तिथल्या वायरी आतून तुटतात, वरचं प्लॅस्टिक शाबूत असतं. एकेक वायर हलकेच ओढा; तुटलेली रबरासारखी ताणली जाते. जोड त्या वाकणाऱ्या भागात देऊ नका. दोन्ही बाजूंनी वाकणाऱ्या भागाच्या पुढे जाऊन, त्याच जाडीचा मऊ वायरचा तुकडा घाला आणि जोडांवर हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी चढवा.