टेरेसवरचं तळं: मासे सगळ्यात शेवटी

कोथरूडला आमच्या बिल्डिंगच्या टेरेसवर मी छोटं तळं केलंय. सिमेंटचा गोल टब, त्यात माती, पाणवनस्पती, गोगलगायी आणि गप्पी मासे, पंप नाही फिल्टर नाही काही नाही. बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो की पाणी घाण कसं होत नाही, मासे मरत कसे नाहीत, म्हणून एकदा नीट सगळं लिहून काढतेय.

टब ठेवताना तो खालच्या बीमवर येईल असं बघा, भरल्यावर वजन भयंकर होतं. मग काम सिमेंटचं. नवीन सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, चढतो. टब भरायचा, दोन-तीन दिवस ठेवायचा, ओतायचा, परत भरायचा, पीएच आठच्या खाली येऊन टिकेपर्यंत हेच. कंटाळा येतो पण हे अजिबात सोडू नका, कारण माशांच्या विष्ठेतून आणि श्वासातून अमोनिया पाण्यात येतो आणि तो किती घातक ठरणार हे पीएचवर आहे. पाणी 25 डिग्री आणि पीएच 7 असेल तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच 8 ला पाच टक्क्यांच्या आसपास, आणि 9 ला एक तृतीयांशाच्याही वर! मासे तेवढेच, अमोनिया तेवढाच, फक्त भिंतीतला चुना जास्त, आणि तेवढ्यावर मासे जातात.

तळाला साधी माती घातली, खत न मिसळलेली, वर धुतलेली बारीक खडी. कुंडीत कुमुद, मोकळ्यात हायड्रिला ही पाण्याखाली वाढणारी वनस्पती. नळाचं पाणी बादल्यांमध्ये उन्हात एक दिवस उघडं ठेवून मगच ओतलं, कारण क्लोरीन माशांना तर वाईटच पण आपल्याला जे बॅक्टेरिया वाढवायचेत त्यांनाही मारतं.

खरी गोष्ट हे बॅक्टेरियाच आहेत. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही माशांना विषारी, नायट्रेट त्या मानानं सौम्य आणि झाडांचं खाद्य. हे बॅक्टेरिया पाण्यात तरंगत फारसे राहत नाहीत, खडीवर, कुंडीवर, टबच्या भिंतीवर, पानांवर चिकटून बसतात, आणि त्यांना ऑक्सिजन लागतो. म्हणजे खडी ही शोभेची वस्तू नाही, ती त्यांची राहायची जागा आहे. मैत्रिणीच्या जुन्या फिश टँकमधली ओंजळभर खडी आणून टाकली, विरजण लावल्यासारखी. मासे नसताना अमोनिया यावा म्हणून रोज चिमूटभर फिश फूड टाकत गेले, ते कुजतं आणि काम सुरू होतं.

मग वाट बघायची. ड्रॉपवालं टेस्ट किट घेतलं होतं, काचेच्या छोट्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. अमोनियाची नळी आधी हिरवी यायची, मग हळूहळू पिवळी व्हायला लागली, म्हणजे अमोनिया संपत आला, आणि त्याच सुमारास नायट्राइटची नळी निळ्याची गडद जांभळी झाली, म्हणजे नायट्राइट वाढलं. हा जांभळा रंग हटता हटेना. दुसरा गट उशिरा वाढतो, त्याला घाई करता येत नाही. बरेच लोक इथेच मासे सोडतात. मी सोडले नाहीत, आणि एका सकाळी नळी आकाशी निळी निघाली, म्हणजे नायट्राइट संपलं, तेव्हा मी अक्षरशः ओरडले.

मधल्या काळात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "अगं, डेंग्यूचे डास होतील ना यात?" शंका अगदी रास्त होती, गरम हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून मासे येईपर्यंत टबवर मच्छरदाणीची जाळी ताणून बांधली होती, ती काकूंना दाखवली. आता गप्पी अळ्या शिल्लक ठेवत नाहीत आणि काकू स्वतः येऊन बसतात. फक्त एक कळकळीची विनंती, गप्पी आपल्याकडचे नाहीत, दक्षिण अमेरिकेकडचे आहेत, जास्त झाले म्हणून नाल्यात किंवा पाषाण तलावात सोडू नका, तिथल्या माशांचं खाणं ते पळवतात.

एप्रिल-मे अवघड. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, 20 डिग्रीला लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास तर 30 ला साडेसात, आणि नेमकं तेव्हाच माशांना जास्त हवा असतो. दिवसा हायड्रिला ऑक्सिजन सोडतं पण रात्री तेही श्वासच घेतं, त्यामुळे सगळ्यात कमी ऑक्सिजन पहाटे. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर गर्दी झालीय असं समजा, झाडांची किंवा माशांची. मी दुपारी ग्रीन नेट लावते, आणि कुमुदाच्या पानांनी निम्माच पृष्ठभाग झाकला जाईल एवढी पानं ठेवते.

निम्माच, कारण पूर्ण झाकलं की काय होतं ते आपण मुळा-मुठेत दर उन्हाळ्यात बघतोच. जलपर्णी आली की सगळे तिला शिव्या घालतात, पण ती वाढते सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. तिच्याखाली उजेड पोचत नाही, ऑक्सिजन संपतो, आणि काढली तरी पाण्यात तेच खाद्य असल्यामुळे परत येते. माझ्या टबात नायट्रेट वाढलं की मी थोडं पाणी काढून कढीपत्त्याला घालते, नदीतून ते असं काढता येत नाही, ते आत जाण्याआधीच थांबवावं लागतं, आणि याचा मला मनापासून त्रास होतो.

कुणाला करायचं असेल तर फेब्रुवारीत सुरू करा. थंडीत बॅक्टेरिया फार हळू वाढतात, आणि मे येईपर्यंत पानांची सावली तयार हवी.