फूटरिंग अखेर जागेवर थांबली!

मंडळी, माझ्या उंच खुर्चीच्या नळीवर पाय ठेवायला असलेली, सारखी खाली घसरणारी रिंग अखेर थांबली. संध्याकाळभर उंच टेबलावर ड्रॉइंगचं काम केलं, पाय रिंगवरच होते आणि ती तसूभरही घसरली नाही. इतका आनंद तर दांडेली सागवानाचा टॉप बसवला तेव्हासुद्धा झाला नव्हता.

मापं अशी आहेत. टेबल ४० इंच, टॉप आणि सीटमध्ये ११ इंच, म्हणजे सीट २९ वर. माझं गुडघ्यापर्यंतचं माप १७, म्हणून रिंग १२ वर हवी. गॅसलिफ्ट, म्हणजे सीट वर-खाली करणारी गॅसची नळी, उंचवाली, क्लास ४ (मजबुतीची श्रेणी). दुकानात नुसतं ‘हाय मॉडेल द्या’ म्हणू नका, एकूण लांबी आणि स्ट्रोक (सीट किती वर-खाली होते ते अंतर) विचारून घ्या. खालचा पायांचा बेस २७ इंची घेतला, कारण सीट वर गेली की खुर्ची कलंडायला वेळ लागत नाही. रिंगचा घेर बेसच्या आतच राहायला हवा आणि रिंगवर उभं राहून चढायचं नाही, हे घरात सगळ्यांना बजावलंय.

आता मूळ दुखणं. रिंगसोबत येतो तो प्लास्टिकचा, चीर दिलेला शंकूसारखा कोन. नॉब आवळला की तो गॅसलिफ्टच्या बाहेरच्या नळीला धरतो, पण नळीवर गुळगुळीत पावडर कोटिंग. त्यात आपण पाय ठेवतो एकाच बाजूला. रिंग किंचित तिरकी होते, पकड सुटते आणि ती बोटबोट करत खाली येते. सायकलच्या ट्यूबची पट्टी घालून पाहिली. सकाळी घट्ट, संध्याकाळी पुन्हा खाली. पॉलिश पेपर उलटा गुंडाळला, तर त्याचा भुगा झाला. ऑनलाइन मागवलेली दुसरी रिंग तर इतक्या पातळ पाइपची निघाली की टाचेखाली लवायची. रिंग आपल्याकडेच वाकवून घ्यावी, या मताचा मी आता पक्का झालोय.

एकाने नळीला टॅक वेल्डिंग (ठिपक्याएवढं वेल्डिंग) मारायला सुचवलं होतं. कृपा करून कुणी करू नका! आतल्या सिलिंडरमध्ये दाबाखालचा नायट्रोजन असतो. ड्रिलसुद्धा नको.

शेवटी बेळगावच्या उद्यमबागेतल्या ओळखीच्या लेथवाल्या टर्नरमामांकडे गेलो. कोन हातात फिरवून ते म्हणाले, “प्लास्टिक काय धरतंय ओ, लोखंडाला लोखंडच पायजे.” नळीला व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला, कोटिंग धरून ५० मिमीला जरा जास्त. त्याच मापाचा बोअर (भोक) मारून एमएसची, म्हणजे माइल्ड स्टीलची, कॉलर (नळीभोवतीचं कडं) केली, मग मधोमध कापून दोन अर्धे केले. कापताना ब्लेडने खाल्लेली जागा तशीच ठेवली, म्हणजे बोल्ट आवळले तरी दोन्ही अर्धे एकमेकांना भिडत नाहीत आणि सगळा दाब नळीवर येतो. दोन्ही बाजूंना अ‍ॅलन बोल्ट (षटकोनी किल्लीने आवळायचे). रिंगचा हब (मधला भाग) आता या कॉलरवर टेकतो, प्लास्टिकला फक्त रिंग सरळ ठेवायचं काम उरलंय. कडा मामांनी न सांगता गोल करून दिल्या, पायाला लागू नयेत म्हणून. असं काम पाहिलं की बरं वाटतं.

चाकांचं थोडक्यात. शहाबादी फरशीवर चढताना खुर्ची पळते, म्हणून वजन पडलं की लॉक होणारी चाकं घेतोय, ११ मिमी पिनची.

पुढचा बेत सीटचा फोम बदलायचा होता, पण हे लिहिता लिहिता तो मागे पडला. बायकोची उंची पाच फूट एक. तिला रिंग दीड-दोन इंच वर लागते, आणि सीट वर घेतली तरी रिंग बाहेरच्या नळीवरच राहते, सोबत येत नाही. दरवेळी अ‍ॅलन की कोण शोधणार? मग सायकलच्या सीटखाली असतो तसला क्विक रिलीज लिव्हर का नको? कॉलर अखंड ठेवायची, एकाच बाजूला चीर द्यायची आणि बोल्टच्या जागी लिव्हर. मामांना ड्रॉइंग दाखवायचं आहे. असा लिव्हर कुणी ५० मिमीच्या नळीवर वापरला असेल तर सांगा, एम६ (६ मिमी) बोल्ट पुरतो की एम८ (८ मिमी) घेऊ?