धक्क्याच्या कामाला ठेकेदार शोधताना

बेलापूरजवळ खाडीवर आमच्या मच्छीमार सोसायटीचा छोटा धक्का आहे. त्याच्या पायऱ्यांचं काँक्रीट सुटून सळया उघड्या पडल्या, टोपल्या घेऊन उतरताना बायका घसरू लागल्या. ठेकेदार बघायचं काम कमिटीने माझ्यावर सोपवलं.

कोटेशनं भराभर आली. बहुतेक इमारतींची कामं करणारे. सगळ्यात कमी भाव देणारा म्हणाला, "सोमवारी सकाळी नऊला माणसं पाठवतो." आमचे तांडेल काका बाजूलाच उभे होते. "बाबा, सोमवारी अमावास्या. दुपारी धक्काभर पाणी असणार. माल घट्ट कधी व्हायचा?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय राडारोडा बाजूच्या तिवरांत (खारफुटीत) टाकू म्हणाला, तेव्हा त्याचं नावच काढलं.

ज्याला काम दिलं, त्याने भावाआधी भरती-ओहोटीचं कोष्टक मागितलं. अगदी तळच्या पायऱ्या उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या, सुकतीलाच (पूर्ण ओहोटीलाच) उघड्या पडतात, तिथे वेळ थोडा मिळतो. वरचं काम भांगावर, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, काढायचं, कारण तेव्हा पाणी तिथवर चढत नाही. हे त्याला आम्हाला सांगावं लागलं नाही.

त्याचं जुनं काम आम्ही मुद्दाम सुकतीला, खालून बघितलं. वरून सगळेच धक्के छान दिसतात. हातोडीने ठोकत गेलो. कुठे पोकळ आवाज नाही, सळईच्या रेषेत गंजाचे ओघळ नाहीत. खारं पाणी सळईपर्यंत पोचलं की ती गंजून फुगते आणि काँक्रीट आतून फोडते, म्हणून सळईवरचं कव्हर, म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर, सगळ्यात महत्त्वाचं. भरतीच्या पट्ट्यातल्या कामाला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान एम ४० ताकदीचं काँक्रीट आणि ७५ मिमी कव्हर लागतं. त्याच्या कोटेशनात हे आकडे होते, इतरांच्या कागदावर नुसतं 'उत्तम प्रतीचं काम'.

सीआरझेडच्या (किनारी भागातल्या बांधकामाच्या नियमांच्या) परवानगीचा पत्रव्यवहार मात्र सोसायटीच्याच नावाने ठेवला. "ते मी बघतो" म्हणणाऱ्याच्या हाती तो देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. करारात लिहून घेतलं: काँक्रीटला टँकरचं गोडं पाणीच, क्यूबचा (त्याच काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांच्या ताकदीचा) २८ दिवसांचा रिपोर्ट आम्हाला, आणि बिलातले दहा टक्के एक पावसाळा गेल्यावर. या अटीवर त्याने थोडी घासाघीस केली, पण सही केली.