हळदीच्या कर्जाची फाईल आणि वाकलेली रेघ : माझा अनुभव

सांगलीत हळद पावडरचा छोटा उद्योग टाकायचा म्हणून प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत अर्ज केला. प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान होतं. कोटेशन, गाळ्याचा करार, ऑनलाइन अर्ज सगळं पटापट झालं. बँकेत कर्जाची फाईल अडली ती किती विक्रीला खर्च भरून निघतो हे दाखवणाऱ्या आलेखावर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आडव्या अक्षावर महिन्याचा माल किलोत, उभ्यावर रुपये. भाडं, पगार, विजेचा स्थिर आकार, व्याज, मशीनचा घसारा मिळून 48,000. माल निघो न निघो, हे लागतातच. म्हणून खर्चाची रेघ शून्यातून नाही, 48,000 वरून निघते. पुढे किलोमागे 180 : हळकुंड, दळताना येणारी घट, वीज, पॅकिंग. विक्री 220 ने, ही मिळकतीची रेघ. दोन्ही रेघा 1,200 किलोला, 2,64,000 रुपयांवर भेटतात. त्यापुढे दोन रेघांमधलं उभं अंतर म्हणजे नफा.

पण 220 चा भाव मला घरगुती गिऱ्हाईक आणि किराणा दुकानांकडून 1,500 किलोपर्यंतच मिळणार होता. उरलेला माल ठोक व्यापाऱ्याला 170 ने. त्यामुळे माझी मिळकतीची रेघ 1,500 ला खाली वाकते. तिथे नफा 12,000. मशीन पूर्ण चालवून 2,000 किलो काढले तर विक्री 85,000 नी वाढते, खर्च 90,000 नी, आणि नफा 7,000 वर येतो.

"ताई, रेघ सरळ पाहिजे. विक्री वाढली की नफा वाढतोच," म्हणून साहेबांनी फाईल परत दिली. पुन्हा गेले तर साहेब मीटिंगला. नंतर एक नमुना अहवाल हातात दिला, "असा करून आणा." त्यात सगळा माल एकाच भावाने विकलेला! तसा काढला असता तर 2,000 किलोला 32,000 नफा दिसला असता आणि हप्ताही त्याच आकड्यावर बसला असता. हप्ता मला भरायचा होता, नमुन्याला नाही. मी रेघ सरळ केली नाही.

शेवटी प्रिंटवर 1,500 आणि 2,000 ला लाल पेनाने उभ्या रेघा मारल्या, शेजारी आकडे लिहिले, दुकानदारांची मागणीपत्रं जोडली आणि थेट मॅनेजरसमोर ठेवलं. त्यांना बघताक्षणी पटलं. मंजुरी 1,500 किलोच्या हिशोबाने झाली, याचा मला अभिमान आहे.

एक्सेलमध्ये आलेख काढणार असाल तर स्कॅटर निवडा. साध्या लाइन चार्टमध्ये 0, 1,500, 2,000 सारख्याच अंतरावर बसतात आणि रेघांचा चढ चुकतो. हप्त्यातलं मुद्दल खर्चात धरू नका, पण ते फेडण्याइतकी रोकड उरते का हे वेगळं बघा.

आणि हो, हळकुंड महागून किलोमागचा खर्च 10 रुपयांनी वाढला असं धरून खर्चाची दुसरी रेघ काढा. माझ्या आलेखात ती 1,600 ला भेटायला हवी, पण मिळकत 1,500 लाच वाकत असल्याने भेटतच नाही. म्हणून नवी हळद मार्केट यार्डात येते तेव्हाच मी जमेल तेवढी घेऊन ठेवते.