आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे हो

खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवून म्हणतात, "आमच्या बाथरूमच्या छताला ओल आलीय, जरा बघता का?" नौपाड्यातली जुनी चाळवजा इमारत असो, घोडबंदर रोडचा टॉवर असो की नेरुळमधली सिडकोची बिल्डिंग, वरच्याचं उत्तर ठरलेलं: "आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे हो."

माणूस खोटं बोलत नसतो. वरून कोरडंच दिसतं. पाणी असतं टाइल्सखाली, सनकच्या, म्हणजे बाथरूमखाली खोलगट ठेवलेल्या स्लॅबच्या, भरावात. म्हणूनच इथे नम्रता लागते ती गोड बोलण्यापुरती नाही, स्वतःच्या डोळ्यांवर थोडा अविश्वास दाखवण्यापुरती. चपला घालायच्या, खाली जायचं, डाग बघायचा आणि म्हणायचं, "आमच्याकडून असू शकतं, तपासून सांगतो." लगेच चूक कबूलही करायची नाही. दोष बाहेरच्या सामाईक पाइपचा निघाला, तर तुमच्या टाइल्स फुकट फुटतात आणि डाग तसाच राहतो.

गळती केव्हा वाढते ते काकांनाच विचारा; छत त्यांना रोज दिसतं. दिवसरात्र सारखं ठिबकत असेल तर संशय भिंतीतल्या पाण्याच्या लाइनवर. आंघोळीनंतर वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (जाळीखालचं, सांडपाणी पाइपात सोडणारं भांडं) किंवा टाइल्सचे सांधे. फक्त पावसाळ्यात असेल तर बाहेरची भिंत.

ट्रॅपचा संशय असेल तर पाइपच्या तोंडात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवा, उंबऱ्याच्या खाली राहील इतकं इंचभर पाणी भरा, त्यात खाण्याचा रंग टाका आणि पातळीवर पेन्सिलची खूण करून चोवीस तास ठेवा. खाली रंग उतरला तर प्रश्नच मिटला. नाही उतरला तर मात्र सुटलो असं समजू नका. पाऊण-एक फुटाचा विटांच्या तुकड्यांचा भराव पाणी पिऊन बसतो, रंग यायला वेळ लागतो. "दोन दिवस बाथरूम बंद ठेवलं, तरी गळतंय, म्हणजे आमचं नाही" हा तर सगळ्यात आवडता पुरावा, आणि सगळ्यात कच्चा. भरलेला सनक नळ बंद केल्यावरही कित्येक दिवस ठिबकतो.

खालच्यांनीही फोटो आधी सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नये. चारचौघांत ओढलेला माणूस मग प्लंबरलाही दार उघडत नाही. (सेक्रेटरीची "तात्काळ" छापाची नोटीसही याच जातीची.)

दुरुस्तीत आधी सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा. पांढरं सिमेंट लवकर भेगाळतं. फोडावंच लागलं तर वॉटरप्रूफिंग भिंतीवर फूटभर वर चढवा आणि टाइल्स बसवण्याआधी पुन्हा पाणी भरून ४८ तास बघा. गवंडी घाई करेल, करू द्या.

खर्चाचं म्हणाल तर घरातल्या संडास-सिंकची गळती फ्लॅटधारकाची, पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची सोसायटीची. खालचं छत रंगवायची घाई नको. आत ओल असताना पुट्टी मारली की पोपडे येतात. वाळल्यावर रंग मात्र पूर्ण छताला द्या, तुकडा कधीच जुळत नाही. आणि गळती आपली ठरली असेल तर त्या रंगाचे पैसे काकांनी मागायची वाट बघू नका.